लसीच्या कार्डातली कोरी राहणारी पानं

गरोदरपणाची नोंद झाली की आईच्या हातात एक कार्ड पडतं. कागदोपत्री त्याचं नाव माता व बाल संरक्षण कार्ड, पण घरोघरी ते लसीचं किंवा डोसचं कार्ड म्हणूनच ओळखलं जातं. लसींच्या तारखा त्यात नीट भरलेल्या असतात, वजनाचे ठिपकेही बऱ्याचदा असतात. मात्र त्याच कार्डात चित्रांची काही पानं असतात. कितव्या महिन्याला बाळ हसतं, कधी बसतं, कधी हाकेला ओ देतं, हे दाखवणारी. ही पानं बऱ्याच कार्डांत कोरीच राहतात. आईला वाटतं ती डॉक्टरांनी भरायची, डॉक्टरांकडे रांग असते, आणि आशाताईंच्या झोळीत आधीच दहा रजिस्टरं असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ती पानं आईवडिलांनी भरायची आहेत. बाळाचं वजन काट्यावर मोजता येतं, कारण काटा दवाखान्यात असतो. बाळ काय बघतं, कुणाला हसतं, काय मागतं, कसं रुसतं, हे टिपणारं माणूस मात्र घरातच असतं.

आधी टप्पा म्हणजे काय ते बघू. बाळ एका ठरलेल्या क्रमाने शिकत जातं. आधी मान धरतं, मग कुशीवर होतं, पालथं पडतं, बसतं, धरून उभं राहतं, पाऊल टाकतं. म्हणजे ताबा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो. हातांचंही तसंच आहे. आधी मूठभर पकडणं, आणि वर्षाच्या आसपास अंगठा व तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा उचलणं. बोलणं, समजणं आणि माणसांत मिसळणं यांचेही टप्पे असतात, पण ते बसण्याचालण्याइतके डोळ्यांत भरत नाहीत. म्हणून घरात "चालायला लागला का?" असं सगळे विचारतात, "बोटाने दाखवतो का?" असं सहसा कुणी विचारत नाही.

आता वयाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांच्या हालचाली वरचेवर तपासून २००६ मध्ये त्यांचे कालावधी जाहीर केले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक निरोगी मूल नवव्या महिन्यात चालतं आणि दुसरं तितकंच निरोगी मूल सतराव्या महिन्यात. आणि त्याच अभ्यासात सुमारे ४ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी पुढे चालली. शेजारच्या बाळाशी तुलना करून रात्र जागवणाऱ्या आईने हे आकडे जवळ ठेवावेत.

पण याच आकड्यांची दुसरी बाजूही आहे. यातला प्रत्येक कालावधी कुठेतरी संपतो. मृगाचा पाऊस कधी सातला येतो, कधी विसाला, ते चालतं. पण जुलै सरत आला तरी आभाळ कोरडं असेल, तर शेतकरी नुसता वर बघत बसत नाही. अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, तर "प्रत्येक मूल वेगळं असतं" हे वाक्य तिथे थांबवायला हवं.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपल्या टप्प्यांच्या याद्या बदलल्या, आणि त्या बदलामागचा विचार पालकांनी समजून घ्यावा असा आहे. जुन्या याद्यांमध्ये साधारण निम्मी मुलं जे करतात ते त्या वयासमोर लिहिलेलं असे. अशी यादी हातात आली की उरलेल्या निम्म्या मुलांच्या आईवडिलांना काळजी वाटणार, आणि डॉक्टर म्हणणार, "थांबा, करेल." थांबण्याचीच सवय लागते. नव्या याद्यांत शंभरातली ७५ किंवा त्याहून जास्त मुलं जे करतात तेच त्या वयाला ठेवलं. त्यामुळे आता एखादी गोष्ट दिसत नसेल तर ती विचारायचीच, वाट बघायची नाही. त्या याद्यांतून रांगणं काढूनच टाकलं गेलं. तेव्हा इंटरनेटवरून एखादी यादी उतरवून घेतलीत, तर ती निम्म्या मुलांची आहे की बहुतेक मुलांची, एवढं बघा.

आपल्याकडेही हे काम जुनं आहे. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात भारतीय बाळांसाठी विकासाची प्रमाणकं बसवली. त्यातूनच निवडून तिरुवनंतपुरमच्या बाल विकास केंद्राने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १७ गोष्टींचा एक तक्ता केला. वापरायला तो फार सोपा आहे. तक्त्यावर महिन्यांची पट्टी असते, आणि प्रत्येक गोष्टीसमोर ती येण्याच्या वयाची आडवी रेघ. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडे ज्या गोष्टींच्या रेघा पूर्ण संपल्या, त्या बाळाला यायला हव्यात. एखादी येत नसेल तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. पाच-सात मिनिटांचं काम. महागडं काहीच नाही.

मग अडतं कुठे? विचारण्यात.

"सगळं ठीक आहे ना?" या प्रश्नाला कुठली आई "नाही" म्हणेल? मागे रांग उभी, शेजारी सासूबाई, मांडीवर सुई टोचून घेतलेलं रडतं बाळ. अशा वेळी ती मान डोलावते आणि घरी जाते. तेच जर कुणी विचारलं, "बाळाच्या बोलण्याबद्दल, समजण्याबद्दल, वागण्याबद्दल तुमच्या मनात काही येतं का?" तर ती थांबते. मग सांगते, "तसं काही नाही हो ताई, पण हाक मारली की बघत नाही. आपल्याच नादात असते." या एका वाक्यात डॉक्टरांना हवी ती माहिती आहे.

अमेरिकेतल्या फ्रान्सिस ग्लास्को यांनी याच कल्पनेवर एक प्रश्नावली उभी केली. दहाच प्रश्न, आणि सगळे पालकांच्या काळजीबद्दल. पालकांना नेमकं आणि नीट विचारलं तर त्यांची काळजी बऱ्याचदा खरी ठरते, आणि त्यासाठी आई शिकलेलीच असली पाहिजे असं नाही, हा त्यांच्या कामाचा गाभा. ओरेगॉन विद्यापीठातून आलेली आणखी एक प्रश्नावली तर पालकांनी घरी बसून भरायची आहे. बाळासमोर वस्तू ठेवा, काय करतं ते बघा, आणि "करतं", "कधी कधी करतं", "अजून नाही" यांतलं एक निवडा. मधला पर्याय मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या कार्डावर फक्त बरोबरची खूण करायची सोय असेल तरी त्या खुणेशेजारी "कधी कधी" लिहायला कुणी अडवलेलं नाही.

एक मर्यादा मात्र खरी आहे. पालक आज काय दिसतं ते चांगलं सांगतात, मागचं तेवढं नीट आठवत नाही. पहिलं पाऊल आठवतं, पहिलं "बाबाबा" कोणत्या महिन्यात ऐकलं ते आठवत नाही. दुसऱ्या मुलाच्या वेळी तर दोन्ही मुलांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात. म्हणून नोंद त्याच आठवड्यात करायची. तारीख आणि एक ओळ पुरते. "१२ ऑगस्ट, आजोबांनी टाळ्या वाजवल्यावर स्वतः वाजवल्या." मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढता आला तर आणखी चांगलं. परक्या खोलीत, पांढऱ्या कोटासमोर बाळ घरच्यासारखं वागत नाही. व्हिडिओत ते वागतं.

आता दोन गोष्टींवर जरा थांबते, कारण घराघरात त्याच निसटतात.

पहिली, बोट दाखवणं. वर्षाच्या सुमारास बाळ हव्या असलेल्या बिस्किटाकडे बोट करतं. ते मागणं झालं. त्यानंतर काही महिन्यांत बाळ आणखी एक गोष्ट करू लागतं. खिडकीतल्या चिऊकडे बोट दाखवतं, वळून आईच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा चिऊकडे बघतं. त्याला चिऊ नको असते. "तूही बघ ना" एवढंच त्याला सांगायचं असतं. शब्द यायच्या आधीचं हे संभाषण आहे. बोलणं याच्यावरच उभं राहतं. दीड वर्षाचं मूल असं काही दाखवत नसेल, हवं ते मिळवायला आईचा हात धरून नुसता वस्तूपाशी नेत असेल, हाकेला वळत नसेल, तर ते तपासून घ्यायला हवं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता चाळण्यासाठी २० प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, त्यात बोट दाखवण्याबद्दल वेगवेगळे प्रश्न आहेत. उत्तरं पालकांनीच द्यायची असतात.

दुसरी, ऐकणं. घरी ऐकण्याची परीक्षा घेतात ती ताट-वाटी वाजवून. बाळ दचकलं की सगळे निश्चिंत. पण ताटाचा आवाज इतका मोठा असतो की कमी ऐकू येणारं बाळही त्याला वळतं. माणसाचं साधं बोलणं मात्र त्याला पोचत नसतं. जवळ टाळी वाजवली तर हवेचा झोत लागतो, जमिनीवर पाय आपटला तर हादरा कळतो. त्यामुळे बाळाच्या मागे, त्याच्या नजरेबाहेर राहून हळू आवाजात हाक मारून बघायचं, तेही घर शांत असताना, आणि एकदा नाही तर वेगवेगळ्या दिवशी. आणखी एक फसवी गोष्ट आहे. अजिबात ऐकू न येणारं बाळही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देतं, खिदळतं. म्हणून "आवाज काढतो की" हा पुरावा होत नाही. सहा महिन्यांनंतर "दादादा", "बाबाबा" अशी अक्षरांची माळ वाढते की आवाज हळूहळू कमी होतात, याकडे लक्ष द्यायचं. जन्मल्यावर पहिल्या महिन्याच्या आत कानाची यंत्राने चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचाराची सुरुवात, हे जगभर मानलेलं वेळापत्रक आहे. दवाखान्यातून घरी जाताना "कानाची तपासणी झाली का?" हा प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक आईवडिलांना आहे. घरातली परीक्षा त्या तपासणीच्या जागी चालत नाही.

बाकीच्या धोक्याच्या खुणा भराभर सांगते. तीन महिन्यांचं बाळ माणसाकडे बघून हसत नाही. चार महिने झाले तरी मान अगदीच धरत नाही. नऊ महिने उलटले, आधाराशिवाय बसत नाही. वर्षाचं झालं तरी अक्षरांची बडबड नाही. सोळा महिन्यांना एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांना "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही. वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, दुसरा मूठ आवळून अंगाशी ठेवतं. घरचे म्हणतात डावखुरा होणार, पण इतक्या लहानपणी हात ठरत नसतो, आणि न वापरलेल्या हाताची तपासणी हवी. आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण, जिला वयाची अट नाही: आधी येत असलेली गोष्ट गेली. बोलत होतं, आता बोलत नाही. बसत होतं, आता लुळं पडतं. हसत होतं, आता नजर देत नाही. यात एक दिवसही थांबायचं नाही.

अशा मागे जाण्याचं एक कारण आपल्याकडे खास लक्षात ठेवण्यासारखं आहे. आईच्याच अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल आणि बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल, तर बाळ मरगळतं, शिकलेलं विसरतं, कधी हातपाय थरथरतात. वेळेत ओळखलं तर उपचार सोपा असतो. थायरॉईडची कमतरता, लोहाची कमतरता, नजरेचा दोष, कानाचा दोष ही सगळी शोधता येणारी आणि हाताळता येणारी कारणं आहेत. म्हणूनच नोंद ठेवायची. मुलाला नापास करण्यासाठी कुणी ती ठेवत नाही.

लवकर जन्मलेल्या बाळाचं गणित वेगळं. आठव्या महिन्यात झालेलं, काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल आणि दोन महिने आधी आलं असेल, तर त्याची तुलना चार महिन्यांच्या बाळाशी करायची. दोन वर्षांपर्यंत हे वय असंच दुरुस्त करून धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. अशा बाळांवर आणि जन्मतः न रडलेल्या, झटके आलेल्या, कावीळ फार वाढलेल्या बाळांवर जरा जास्त बारकाईने लक्ष हवं.

घरात काय बोललं जातं तेही या विषयाचाच भाग आहे. "त्याचा बाबाही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला." शक्य आहे. पण बाबा बोलला म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो. ज्यांना अडचण राहिली त्यांच्या गोष्टी बैठकीत निघत नाहीत. "मुलगे उशिराच बोलतात." फरक असतो तो थोड्या आठवड्यांचा, फार तर महिन्या-दोन महिन्यांचा, वर्षभर थांबायला तो पुरत नाही. "जिभेखालची शीर कापली की बोलेल." चिकटलेल्या जिभेने काही उच्चार बोबडे होऊ शकतात, बोलायला सुरुवातच होत नाही असं होत नाही. "घरात दोन भाषा आहेत म्हणून गोंधळलाय." मूल गोंधळत नाही. पणजीत आजीशी कोंकणी आणि आईशी मराठी बोलणारं, किंवा बंगळुरूच्या पाळणाघरात कन्नड ऐकणारं मूल असेल, तर त्याचे सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजायचे. घरातली मराठी बंद करून इंग्रजी लावण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये.

बहुतेक वेळा शंका पहिल्यांदा आईच्या मनात येते, आणि तीच सगळ्यांत कमी ऐकली जाते. वर "तूच मोबाईल देतेस", "तूच नोकरीला जातेस" अशी बोलणी. मोबाईल दोन वर्षांच्या आतल्या बाळाला देऊच नये, हे बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते बरोबर आहे. पण शंका घेऊन आलेल्या आईला दोष दिला की ती पुढच्या वेळी काही सांगत नाही, आणि मग नुकसान बाळाचं. वडिलांनी, आजीआजोबांनी एक करावं. आठवड्यातून एकदा कार्ड मध्ये ठेवून बाळाशी खेळावं. बुवा कुक करावं, चेंडू लपवून बघावा, हाक मारून बघावी, आणि प्रत्येकाला काय दिसलं ते त्यानेच सांगावं. आजीला दिसलेलं बाबाला दिसत नाही, असं होतं.

अंगणवाडीच्या आणि आशाताईंसाठीही दोन शब्द. पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या घरी ठरावीक भेटी आहेतच: तिसरा, सहावा, नववा, बारावा आणि पंधरावा महिना. त्या भेटीत कार्ड स्वतः न भरता आईच्या हातात द्या, पेनही तिच्याच हातात द्या. लिहिता येत नसेल तर चित्रावर बोट ठेवून विचारा आणि खूण तिला करू द्या. "बोलतो का?" याऐवजी "काल काय काय बोलला?" असं विचारा. "बसतो का?" याऐवजी "बसवून दाखवता का?" म्हणा. शंका वाटली तर "मतिमंद" सारखा शब्द चुकूनही वापरू नका. जे दिसलं तेच सांगा: "दोनदा हाक मारली, वळला नाही. कान तपासून घेऊ." ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला निघण्याआधी सांगा की कपड्यांच्या बोचक्यात कार्डही हवं. कोयता घेऊन गेलेलं कुटुंब सहा महिने फडावर असतं, आणि बाळाच्या आयुष्यात सहा महिन्यांत बसण्यापासून चालण्यापर्यंतचा सगळा प्रवास होऊन जातो.

शंका आली की पुढे कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि विकासातला विलंब हा त्यातला एक मोठा भाग आहे. या कार्यक्रमाचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ते कधी येणार हे ताईंना विचारून ठेवा, पण त्याची वाट बघत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. विकासात मागे राहणाऱ्या मुलांची तपासणी आणि उपचार करणारी ही केंद्रं बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतात. मुंबईत वांद्र्याला श्रवण आणि वाचेसाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

तिथे जाताना एक समजून जा. कार्डातली खूण हुकली म्हणजे आजार ठरला असं नाही. ती फक्त चाळणी आहे. चाळणीत अडकलेल्या बऱ्याच मुलांची पुढच्या सविस्तर तपासणीत सुटका होते, आणि ज्यांची होत नाही त्यांचं काम लवकर सुरू होतं. तारीख मिळायला वेळ लागणार असेल तर मधले दिवस रिकामे सोडू नका. जागं असताना बाळाला थोडा थोडा वेळ पोटावर घाला. बसून वापरायच्या चाकांच्या वॉकरमधून उतरवा, त्याने चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. जेवू घालताना, न्हाऊ घालताना, भाजी निवडताना बोलत राहा, आणि बोलून झाल्यावर थांबा, म्हणजे त्याला उत्तर द्यायला जागा मिळेल. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' आराखडा आणला. त्यात ३६ महिन्यांचं खेळांचं कॅलेंडर आहे, १४० कृतींचं. अंगणवाडीत त्याबद्दल विचारा.

भेटीला कार्ड, नोंदींची वही, दोन-तीन छोटे व्हिडिओ आणि शक्य असेल तर घरातलं दुसरं माणूस बरोबर न्या. डॉक्टर किंवा थेरपिस्ट जे करायला सांगतील ते तिथेच त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून बघा, हात कुठे धरायचा, किती वेळ, बाळ रडलं तर काय करायचं. पुढच्या भेटीची तारीख कार्डावर लिहून घ्या, आणि तोपर्यंत बाळात नेमकं काय बदललेलं दिसायला हवं, हे विचारून तेही त्याच्याखाली लिहा.